रिकाम्या खुर्चीची पाळी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी नियमित. एकही दिवस गाळायचा नाही.

काल संपादकांचा फोन आला. खेळांच्या मासिकात मी बारा वर्षं 'तटस्थ' या नावाने परीक्षणं लिहितो. तटस्थ म्हणजे मी, हे संपादक सोडून पृथ्वीतलावर कोणालाही माहीत नाही. बायकोलासुद्धा नाही. एप्रिल अंकासाठी विशेष लेख हवा आहे: नाव बदनाम झालेली, पण उघडून वाचली तर उत्तम निघालेली रोल-प्लेइंग गेमची पुस्तकं. चार पुस्तकं, बाराशे शब्द.

तीन लगेच सुचली. चौथं त्यांनी सुचवलं: 'धुक्यातलं ठाणं'. मी म्हटलं, ते बदनाम आहे आणि योग्य कारणासाठी आहे. ते म्हणाले, बदनाम तुम्हीच केलंत ना. मी म्हटलं, मी मत मांडलं, बदनाम वाचकांनी केलं.

'धुक्यातलं ठाणं' माझ्या थोरल्या भावाने लिहिलं होतं. दादा गेल्या जूनमध्ये गेला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी
काल लिहायचं राहिलं. ऑफिसात काट्यांची तपासणी होती. (मी वजनमाप निरीक्षक. बाजारातला प्रत्येक तराजू माझ्या शिक्क्याशिवाय खोटा.)

माझी प्रत कुठे गेली कोण जाणे, म्हणून वहिनींना फोन करून एक मागितली. अकरा वर्षांत कामाव्यतिरिक्त फोन केला नव्हता, पण हेही कामच आहे. 'कशाला हवी' असं त्यांनी विचारलं नाही. आज कुरियर आलं. आत पुस्तक आणि हाडाच्या रंगाचे दोन फासे. चिठ्ठी वगैरे नाही.

पुस्तक दादाची स्वतःची प्रत आहे. समासात सगळीकडे पेन्सिल.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७.१०
योजना: पुस्तक निष्पक्षपणे पुन्हा वाचायचं, एकदा खेळून बघायचं आणि ते वाईटच आहे हे शांतपणे नोंदवायचं. लेखात चौथं पुस्तक दुसरं घेता येईल.

खेळ असा. डोंगरातल्या खिंडीत एक ठाणं. कायम धुकं. ठाण्यावरच्या माणसांनी वाट चुकलेल्यांना आत आणायचं. एक घंटा वाजवतो, एक दोर धरतो, एक कंदील घेऊन बाहेर जातो. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसून आपापल्या माणसाने काय केलं ते सांगायचं आणि फासे टाकायचे. इथवर ठीक.

पण पान ४१. रिकाम्या खुर्चीचा नियम. जो खेळाडू आला नाही त्याची खुर्ची टेबलाशी ठेवायची. तिची पाळी चुकवायची नाही. खुर्चीच्या डाव्या हाताला बसलेल्याने तिचे फासे टाकायचे. आणि रिकाम्या खुर्चीतलं पात्र मरत नाही. म्हणजे जो घरी लोळत पडला तो अमर, आणि जो आला त्याच्या जिवाला घोर. त्या वेळी मी लिहिलं होतं: 'या खेळात माणसांपेक्षा खुर्चीला जास्त काम आहे.' वाक्य फार गाजलं. एका दुकानदाराने तर ते चिठ्ठीवर लिहून पुस्तकाच्या फळीला चिकटवलं होतं. पाचशेतल्या चारशे तीस प्रती दादाच्या कपाटात राहिल्या. सबब नियम चुकीचा होता हे सिद्ध झालं.

नियमाशेजारी पेन्सिलीने लिहिलंय: 'इथे तू हसशील.'

वाचकाला उद्देशून असणार. मोघम.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी
पान ३४. कंदीलवाल्याला कमरेला दोर बांधायची सक्ती नाही, त्याला मोकळं राहावं लागतं. चांगला नियम. बाजूला पेन्सिल: 'थांब. पान ७१.' ७१ नंतर बघू. परीक्षण लिहिलं तेव्हाही मी साठाव्या पानावर थांबलो होतो, कारण मुद्दा लक्षात आला होता. चांगला निरीक्षक पोत्यातली मूठभर साखर बघतो, अख्खं पोतं चाखत नाही.

फासे ऑफिसच्या सूक्ष्मकाट्यावर तोलले. दोन्ही बरोबर. हिशेबाने खोट काढता येत नाही.

उद्या संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे चाचणी. बायको आणि समोरचे दंतवैद्य. दंतवैद्यांनी विचारलं, सोंगं आणायची का? मी म्हटलं, नाही, फक्त स्वतः या.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ८.००
अक्षर वाकडं येतंय, कारण थंडी.

चालक, म्हणजे खेळ चालवणारा, मी. बायकोकडे घंटा, दंतवैद्यांकडे दोर. चौथी खुर्ची नियमाप्रमाणे रिकामी, खिडकीकडची. तिच्या डाव्या हाताला बायको. कागदावर गैरहजर माणसाचं नाव लिहायचं असतं. मी म्हटलं, 'क्ष' लिही. हिने लिहिलं, 'दादा'. पेनने. खोडता येईना.

खुर्चीची पाळी आली. हिने फासे टाकले. चार आणि चार. मी नियमाप्रमाणे विचारलं, काय करतोय हा? ही म्हणाली, दादा बाहेर निघालेत. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, कुणीतरी परत आलेलं नाही, त्याला शोधायला. कुणाला ते अजून कळलं नाही.

दुसरी पाळी. चार आणि चार. तिसरी. चार आणि चार.

शेहेचाळीस हजार सहाशे छप्पन्नात एकदा. घडू शकतं. शास्त्राला मंजूर आहे. पण दंतवैद्यांनी चष्मा काढून पुसला, आणि त्या वेळी कोणीही काही बोलत नसताना खुर्ची दोनदा वाजली. टक, टक. दादा बोलायला सुरुवात करण्याआधी दोन बोटं खुर्चीच्या हातावर आपटायचा. लहानपणापासून. आई म्हणायची, घंटा झाली, ऐका आता.

चाचणी साडेसहाला संपवली. दंतवैद्य म्हणाले, छान खेळ आहे हो, पुढच्या रविवारी पुन्हा बसू. ते सभ्यपणाने म्हणाले असणार.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.३०
७.१० ला चहा घेताना पुन्हा टक, टक.

मोठ्या आवाजात म्हटलं, कोण आहे? बायको म्हणाली, मी आहे, चहा घ्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी
७.१० ला टक, टक. खुर्चीची रीतसर तपासणी केली. पाण्याच्या काचनळीने पातळी बघितली, चारी पाय मोजले. मागचा डावा पाय दीड मिलिमीटर आखूड. खिडकीतून ऊन येतं ते बरोबर ७.१० ला खुर्चीच्या हातावर पडतं, लाकूड तापून आवाज येतो. अहवाल पूर्ण. भुताखेताचा प्रश्न निकालात.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी
आज ढग होते. ऊन नव्हतं. ७.१० ला टक, टक.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी
खुर्ची बाल्कनीत ठेवली. परत आलो तर टेबलाशी. अंगावर काटा आला. बायको म्हणाली, मीच आणली, दंतवैद्यांची बायको बसायला आली होती. मी विचारलं, ती याच खुर्चीत बसली? कशी काय बसली? ही म्हणाली, माणसं बसतात तशी.

मी त्या खुर्चीत बसत नाही. त्याला कारण आखूड पाय.

इतर तीन पुस्तकं मात्र फार छान वाचून झाली. एका खेळात सगळे जकातनाक्यावरचे कारकून आहेत. 'रटाळ' म्हणून बदनाम, आणि मी तर हसून हसून बेजार. दुसऱ्यात नुसते तक्ते म्हणून लोक हिणवतात, पण ते तक्ते वाचता वाचता एक अख्खं ओसाड शहर डोळ्यांपुढे उभं राहतं. तिसऱ्याचं मुखपृष्ठ भयाण आहे, आतलं पुस्तक हळुवार. लोक न वाचता कसं काय बोलतात याचं नवल वाटतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी
पेन्सिल वाढतेय. शपथेवर सांगतो, गुरुवारी पान ५२ कोरं होतं. आज तिथे लिहिलंय: 'तुला हे आवडलं असतं.' पान ५८: 'इथवर आलास. आता थांबू नकोस.'

साठाव्या पानानंतर बघायचा धीर होत नाही. वेळ होत नाही.

मी दादाकडे जाणं का बंद केलं ते एकदा स्वच्छ लिहून ठेवतो. त्या परीक्षणाशी संबंध नव्हता. त्याच्याकडे दर रविवारी चार वाजता हा खेळ चालायचा, माझा कंदीलवाला होता. पण गुडघा दुखायला लागला आणि तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. शिवाय रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. सबब जमलं नाही. अकरा वर्षं जमलं नाही. हॉस्पिटलात गेलो होतो, पण तो झोपलेला होता. उठवलं नाही. परिचारिका म्हणाल्या, उठवा की, काल दिवसभर भाऊ आला का विचारत होते. मी म्हटलं, झोपू दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.३०
हिय्या केला. ६१ वर पेन्सिल असेल या भीतीने मधली पानं सोडून थेट ८८ उघडलं. अनुक्रमणिकेत तिथे 'खुर्चीबद्दल थोडं' असं होतं. मधली पानं नंतर वाचीन.

उतरवून घेतो: 'जो आला नाही तो रागावला असेल, आजारी असेल, लाजला असेल किंवा नुसता आळशी असेल. कारण विचारू नका. त्याची जागा धरून ठेवा. त्याच्या पात्राला मारू नका, कारण ज्याला उत्तर देता येत नाही त्याला मारणं सोपं असतं. तो परत आला की पहिली पाळी त्याची. त्या क्षणापासून तो इतरांसारखा मरू शकतो. परत येण्याची तेवढी किंमत आहे.'

दोनदा वाचलं. चष्मा पुसला. मग पुन्हा वाचलं.

हे पुस्तक चांगलं आहे.

इतकं चांगलं आहे की मी ते त्या वेळी शेवटपर्यंत वाचलं असतं तर काय लिहिलं असतं याचा विचार करवत नाही. अर्थात त्या वेळी छपाई फिकट होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी
लेख पाठवला. 'धुक्यातलं ठाणं' पहिल्या क्रमांकावर. लिहिलंय: 'हे पुस्तक प्रस्तुत लेखकाने अथपासून इतिपर्यंत नव्याने वाचलं. मूळ मत अपुऱ्या माहितीवर आधारित होतं, सबब मागे घेण्यात येत आहे.' भरपाई झाली. इतक्या मोकळेपणी चूक कबूल करणारे किती असतील? मन हलकं झालं.

७.१० ला टक, टक. हे का, ते कळत नाही. हिशेब तर मिटला.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.००
ठरवलं होतं: चार वाजता दादाकडे जायचं, पुस्तक परत करायचं, वहिनींना आणि पुतणीला लेखाची बातमी द्यायची, सरबत घेऊन पाचला परत.

गाडीला जागा लगेच मिळाली. गुडघा दुखला नाही.

दाराशी पोचलो. बेलवर बोट ठेवणार तेवढ्यात आतून लाकडी टेबलावर फासे पडल्याचा आवाज आला. दादा गेल्यावर तो खेळ बंद झाला असेल असं मी धरून चाललो होतो. वहिनींचा आवाज आला, चालक म्हणून बोलत होत्या. मग पुतणीचा आवाज: "आता काकाची पाळी. मी टाकते."

प्रथम वाटलं दुसरा कोणी काका असेल. तिच्या आईला दोन भाऊ आहेत, पण ते मामा. काका म्हणजे बापाचा भाऊ. दादाला दुसरा भाऊ नव्हता.

फासे पडले. आत कोणीतरी खुशीत हसलं. पुतणी म्हणाली, काका कंदील घेऊन बाहेर गेला आणि दोघांना घेऊन आला.

मी दाराबाहेर उभा होतो. इतके दिवस मी खुर्चीत दादाला शोधत होतो, आणि या घरात खुर्चीत मीच होतो.

जिना उतरून गाडीत बसलो तेव्हा हातात पुस्तक नव्हतं. दाराशी पडलं असणार.

घरी सांगितलं, कुलूप होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
पुतणीचा मेसेज: 'काका, दारात पुस्तक विसरलास. रविवारी चारला.' पुढे प्रश्नचिन्ह नाही.

उत्तर दिलं: 'या रविवारी जरा काम आहे.'

२६ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी
बायकोने मेसेज वाचला होता. जेवताना म्हणाली, कुलूप असलेल्या दारात पुस्तक कसं विसरलात. मी भात वाढून घेतला. ही म्हणाली, अहो, ती सकाळची टकटक मी करते.

म्हणाली, भात शिजतो का ते बघताना पळी कट्ट्यावर आपटते, रोज, लग्न झाल्यापासून. सव्वीस वर्षं ऐकू आली नाही, आता ऐकू यायला लागली. मग म्हणाली, जाऊन या.

मग त्या रविवारी संध्याकाळी खेळताना वाजली ती? असं मी विचारलं. ही म्हणाली, ती मी नाही.

२ मार्च, रविवार. दुपारी २.४५
निघतोय. फासे खिशात. त्यांच्या घरचे आहेत, परत करायला हवेत, तेवढ्यासाठीच. शांत आहे. शर्ट दोनदा बदलला.

२ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.४५
सगळं क्रमाने लिहितो.

दार पुतणीने उघडलं. आत वहिनी आणि दादाचे एक जुने मित्र, ते घड्याळं दुरुस्त करतात, सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. कोणीही 'किती वर्षांनी' म्हणालं नाही. पान ८८.

टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या, शेजारीशेजारी. एक माझी. दुसरी दादाची.

माझ्यापुढे एक फाईल ठेवली. दर रविवारची नोंद, दादाच्या अक्षरात, जूनपर्यंत. पुढे वहिनींच्या. माझ्या कंदीलवाल्याने एकतीस माणसं धुक्यातून आणली. घंटावाल्याशी भांडण झालं होतं ते स्वतःहून मिटवलं. एका हिवाळ्यात आजारी पडला, त्याच्या उशाशी सगळे आळीपाळीने बसले. ऐकून घ्यायला शिकला. माझ्या गैरहजेरीत मी बराच सुधारलो होतो.

म्हटलं, वहिनी, एक सांगायचंय. ते परीक्षण, तटस्थ म्हणजे…

वहिनी म्हणाल्या, "माहीत होतं त्यांना, भाऊजी. पहिल्याच दिवशी. 'सबब' हा शब्द आपल्या घरात दुसरं कोण वापरतं?"

विचारलं, रागावला होता का?

"पंधरा दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग रविवारी सगळे जमले तेव्हा म्हणाले, त्याची खुर्ची ठेवा."

घड्याळजींनी दुसरीकडे बघितलं. मला काय वाटलं ते लिहायला घेतलं होतं, दोन ओळी खोडल्या. लाज वाटली. एवढंच.

मग पहिली पाळी माझी. घंटा दोनदा वाजली. धुक्यात कड्याच्या बाजूला एक लहान मूल रडतंय. मी म्हटलं, कंदीलवाला निघाला. वहिनींनी विचारलं, दोर बांधणार का? मी म्हटलं, गरज नाही, पान चौतीस. पुतणीने तोंड उघडलं, वहिनींनी तिला हाताने थांबवलं. म्हणाल्या, नक्की? मी म्हटलं, नक्की, पुस्तक नुकतंच अथपासून इतिपर्यंत वाचलंय.

दोन आणि एक.

कड्यावरून गेला. पान ७१: घंटा दोनदा वाजली की पान ३४ चा नियम रद्द, कंदीलवाल्यानेही दोर बांधलाच पाहिजे. पुतणीने दाखवलं. तिथेही पेन्सिल होती: 'हे पान तू वाचणार नाहीस, माहीत आहे मला.'

अकरा वर्षं जिवंत होता. मी येऊन बसलो आणि गेला. घड्याळजी म्हणाले, चार वाजून अकरा. पुतणी म्हणाली, खुर्ची रिकामी असती तर वाचला असता. मग तिलाच वाईट वाटलं आणि ती पाणी आणायला उठली.

मला रडू आलं. खेळातल्या माणसासाठी नव्हे.

डोळे पुसले आणि म्हटलं, चला, पुढे कोणाची पाळी? वहिनींनी दादाच्या खुर्चीकडे बघितलं. दादाचा माणूस जूनपासून घंटेपाशी नुसता उभा आहे, त्याची एकही पाळी झालेली नाही. मी विचारलं, असं कसं? नियम आहे ना, पाळी चुकवायची नाही. पुतणी म्हणाली, नियम आहे, डाव्या हाताला बसेल त्याने टाकायचे. त्याच्या डाव्या हाताला तू.

नऊ महिने तो माझी वाट बघत उभा होता. त्याआधीही बघतच होता.

खिशातले फासे काढले. वहिनींनी विचारलं, काय करतायत ते?

मी म्हटलं, दादा दोर बांधतो आणि बाहेर निघतो. कंदीलवाल्याला शोधायला.

"तो मेला, भाऊजी."

"दादाला ते कुठे माहीत आहे?"

टाकले. चार आणि चार.

उद्या ऑफिसात फासे पुन्हा एकदा तोलून बघायला हवेत.